थेल्डिशचा जाणता माणूस

अमरावतीत रस्त्यांचे डांबर चपलांना चिकटू लागले होते, अशा मे महिन्यातल्या एका दुपारी सहदेवराव काळमेघ धुक्यासाठी नवा शब्द शोधत बसले होते. धुक्याचे शब्द त्यांच्याजवळ पुष्कळ झाले होते. समुद्रावरून चालत येणाऱ्या धुक्याला एक, गवताला धरून बसणाऱ्या धुक्याला दुसरा, म्हातारी माणसे ज्याला आपल्या आठवणी समजतात त्या धुक्याला आणखी एक. पण ओळखीच्या माणसासारखे दार न वाजवता घरात येणारे धुके अजून निनावी होते, आणि एखादी गोष्ट निनावी राहिली की सहदेवरावांना अन्न गोड लागत नसे. कूलर धडधडत होता. घामाचा एक थेंब कागदावर पडला आणि त्याने नुकतेच लिहिलेले हिमवर्षावाचे क्रियापद पुसून टाकले.

ही भाषा म्हणजे थेल्डिश. उत्तरेकडच्या एका थंड किनाऱ्यावर ती बोलली जाते, असे सहदेवरावांनी ठरवले होते. किनाराही त्यांनीच ठरवला होता. जर्मन, डच आणि डॅनिश या तिच्या सख्ख्या बहिणी, मात्र बहिणींना तिचा पत्ता नव्हता. ती रुक्मिणीनगरातल्या एका घराच्या माडीवर एकटीच लहानाची मोठी होत होती. सहदेवराव एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. कोणी नेत नाही ती पुस्तके त्यांना स्वतःच घरी न्यावीशी वाटत, आणि अशा पुस्तकांत युरोपी भाषांची जुनी व्याकरणे सर्वांत अनाथ होती. त्यांत त्यांना तीन लिंगे भेटली, तेव्हा परक्या स्टेशनावर आपल्या गावचा माणूस दिसावा तसा त्यांचा जीव सुखावला. पुढे कळले की तिकडची क्रियापदे दोन जातींची असतात. सबळ क्रियापदे भूतकाळात जाताना आतला स्वरच बदलून घेतात. दुबळी नुसती मागे शेपूट लावतात. सहदेवरावांच्या मते माणसांचीही विभागणी हीच होती. स्वतःला कोणत्या गटात घालावे, याचा त्यांनी पुष्कळ दिवस विचार केला आणि निर्णय पुढे ढकलला.

घरात या उद्योगाला विरोध नव्हता, कारण त्याला खर्च नव्हता. पत्नी सुभद्राबाईंनी एकदाच चौकशी केली होती.

"त्या भाषेत भाजीले काय म्हणतात?"

"अजून ठरलं नाही. तिकडे फार भाज्या होत नाहीत."

"मंग ठरेपर्यंत इकडची आणून द्या. पालक आणा, जुडी पाहून."

शेजारचे ताहेरभाई कूलरची मोटर दुरुस्त करायला आले तेव्हा त्यांनी मात्र विषयात खरा रस घेतला. सहदेवरावांनी त्यांना सांगितले की थेल्डिशमध्ये कूलरला 'वाटरविंडकास्त' म्हणतात. पाणी, वारा आणि पेटी एकत्र जोडून केलेला शब्द. ताहेरभाईंनी शब्द दोनदा उच्चारून पाहिला, पान्ह्याने नट आवळला आणि विचारले, "सहदेवभाऊ, जबान बनवली तं गाली पन बनवली का?"

"शिव्या? नाही हो. त्याची गरज पडली नाही."

"मंग ते जबान नाई, शेरवानी हाय. लग्नाले घाला, रोज नाई चालत."

सहदेवराव हसले, पण ते वाक्य त्यांच्या मनाच्या कोपऱ्यात कुसळासारखे राहिले. 

इथपर्यंत सारे खाजगी होते. खाजगी गोष्टीला सार्वजनिक करण्याचे सामर्थ्य प्रेमात नसते, मत्सरात नसते, ते फक्त संगणकाच्या रकान्यात असते. त्या वर्षी महाविद्यालयाने सर्व कर्मचाऱ्यांची माहिती मागवली. 'अवगत भाषा' या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी लिहून झाल्यावर सहदेवरावांची लेखणी क्षणभर थांबली. आयुष्यातली जी गोष्ट आपण सर्वांत मनापासून केली, ती कुठल्याच कागदावर नसावी, याचे त्यांना वाईट वाटले. आणि त्या हळव्या क्षणी त्यांनी लिहिले, 'थेल्डिश'. कार्यालयातल्या रोहितला संगणकावरच्या यादीत थेल्डिश सापडेना.

"सर, हे कोनत्या टाइपची हाय?"

"जर्मॅनिक गटातली," सहदेवराव अभिमानाने म्हणाले.

रोहितने यादीतले सर्वांत जवळचे नाव निवडले. महिन्याभराने महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छापून आले की आपल्या संस्थेस 'जर्मन भाषेचे जाणकार ग्रंथपाल' लाभले आहेत.

सहदेवरावांनी दुरुस्तीचा अर्ज केला. कार्यालयाने तो सहानुभूतीने वाचला आणि कळवले की नोंद रद्द करायची असेल तर अर्जदारास जर्मन येत नसल्याचे प्रमाणपत्र जोडावे, आणि ते जर्मन जाणणाऱ्या व्यक्तीकडूनच असावे. महाविद्यालयाच्या नोंदीप्रमाणे अशी व्यक्ती एकच होती. रोहितने सुचवले, "सर, तुमीच लिहून द्या ना. का मी, सहदेव काळमेघ, जर्मन जाणकार, यांची परीक्षा घेतली असता यांना जर्मन येत नाही असे आढळले." सहदेवरावांनी त्यावर गंभीरपणे विचार केला. त्यांना त्यात एक तत्त्वज्ञानही दिसले. पण खालच्या सहीवर हात अडला. अर्ज फायलीत झोपला आणि जर्मन जागी राहिली.

तो काळ तरी साधा होता काय? जर्मनीत माणसे हवी आहेत, अशी हवा वऱ्हाडभर सुटली होती. वरूडकडून संत्र्याच्या गाडीवरचा एक ड्रायव्हर आला आणि तिकडे रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालवतात हे विचारून गेला. परतवाड्याच्या एका गृहस्थाने मेव्हण्याला फोनवर आणून "याच्याशी दोन शब्द बोला, धीर येईन त्याले" अशी गळ घातली. सहदेवराव प्रत्येकाला सांगत, मला जर्मन येत नाही. लोक प्रत्येकदा मान डोलावत. वऱ्हाडात ज्याला खरोखर काही येत नाही तो तसे कधीच सांगत नाही; त्यामुळे नकाराचा अर्थ विनय असाच होत होता, आणि विनयाने त्यांची कीर्ती वाढत होती.

अशात पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी लागून असलेल्या घरचे पुंजाराम लांडे आणि माणिकबाई माडी चढून आले. मुलगी पौर्णिमा मागून. ती राजापेठेतल्या एका तपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती, आणि तिच्यासाठी अकोल्याचे स्थळ आले होते. मुलगा शिवम गावंडे दोन वर्षांपासून जर्मनीत होता, सुटीवर आला होता, आणि रविवारी घर पाहायला जायचे होते.

वऱ्हाडात मुलाचे घर पाहायला जाताना एक जाणता माणूस सोबत नेण्याची रीत आहे. मुलगा शेतीवाला असेल तर मातीची चिमूट बोटांत चोळणारा. मास्तर असेल तर संस्था अनुदानित की विनाअनुदानित हे पाण्याच्या ग्लासासोबतच काढून घेणारा. कंत्राटदार असेल तर त्याच्याच भिंतीवर टिचकी मारून सिमेंट ओळखणारा. जाणता माणूस खातो कमी, पाहतो जास्त, बोलतो त्याहून कमी. शेवटी मुलीचा बाप त्याच्याकडे पाहतो, तो मान हलवतो, आणि त्या मानेवर सुपारी फुटून लग्न ठरते.

"यावेळी तुमी चला भाऊ," पुंजाराम म्हणाले. "पोरगं जर्मनीचं हाय. तुमच्यासारखा मानूस शेजारी असून मी दुसरा कोन पाहू?"

"पुंजारामभाऊ, मला जर्मन येत नाही."

"हे पाय," पुंजाराम बायकोकडे वळून कौतुकाने म्हणाले, "मी म्हणलं होतं ना, ते असंच म्हनतीन."

सहदेवराव पुढे काही बोलणार, तोच पौर्णिमा म्हणाली, "काकाजी, मले त्याचा पगार नाई पाहाचा, घर नाई पाहाचं. तो तिथं खरोखर बोलतो-चालतो का, तेवढंच पाहा. तिथं मले एकच मानूस ओळखीचा राहीन. त्यालेच बोलता येत नसन तं मी कोनाच्या भरोशावर जाऊ? इथं हे समजनारे तुमीच एक हा."

'समजणारे तुम्हीच एक.' हे वाक्य ऐकण्यासाठी मनुष्य किती वर्षे माडीवर बसून राहतो, हे ज्याचे त्याला ठाऊक. सहदेवरावांच्या ओठांवर आलेले सत्य मागे फिरले. त्याची जागा एका योजनेने घेतली, आणि भित्र्या माणसाच्या योजना नेहमीच फार सुसंगत असतात. आपण मुलाला थेल्डिशमध्ये एक वाक्य विचारायचे. ज्याला जर्मन येते तो तत्काळ म्हणेल, काका, ही जर्मन नव्हे. मग मुलगा खरा ठरेल, आपण सगळ्यांसमोर हसून खुलासा करू, आणि मान हलवू. एका वाक्यात मुलाची परीक्षा, मुलीची काळजी आणि स्वतःची सुटका. खोटे न बोलता काम होणार होते. फक्त खरे थोडे उशिरा बोलले जाणार होते.

रविवारी भाड्याच्या गाडीत पुंजाराम, माणिकबाई, पौर्णिमा आणि सहदेवराव निघाले. पूर्वी घर पाहायला मुलगी जात नसे. "राहाचं मले हाय, मंग घर मी काहून नाई पाहू?" एवढेच म्हणून पौर्णिमा गाडीत बसली होती. मूर्तिजापूरला चहा झाला. दुतर्फा काळी राने नांगरून उघडी पडलेली होती, त्यांच्या भेगांवर ऊन थरथरत होते. सहदेवराव खिडकीतून पाहत होते आणि त्यांच्या ध्यानात येत होते की या साऱ्याला थेल्डिशमध्ये एकही शब्द नाही. ना भेगेला, ना उन्हाच्या थरथरीला. जन्मभर ज्याच्याकडे पाहिले ते सोडून आपण न पाहिलेल्या धुक्याची बारशी करत बसलो. हा विचार त्यांना बोचला. पण तो सुंदर होता, आणि सुंदर बोचण्याचे त्यांना व्यसन होते.

जठारपेठेतले गावंड्यांचे घर पाहुण्यांसाठी सकाळपासून घासूनपुसून बसले होते. शिवम समोर आला. अकोल्याच्या त्या उकाड्यात त्याच्या अंगावर गळ्यापर्यंत बंद असलेले जाड जाकीट होते, जर्मनीचा पुरावा म्हणून. कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो हसत होता. त्याचे मोठे बाबा, म्हणजे थोरले काका, उत्तमराव हे घरातले बोलणारे गृहस्थ. कोथिंबिरीच्या सांबारवडीची ताटली पुढे सरकवत ते म्हणाले, "पोरगं तिकडं मोठ्या कंपनीत हाय. गोरे लोकं त्याले विचारल्याशिवाय पुढं जात नाईत. असं जर्मन बोलते का ऐकतच राहावं."

"आमचे भाऊबी बोलतात," पुंजाराम म्हणाले. "कॉलेजच्या अंकात छापून आलं."

"असं का?" उत्तमरावांनी मांडीवर थाप मारली. "मंग होऊन जाऊ द्या ना! दोन्ही गडी समोर हाय."

दारात मुलांची गर्दी झाली. स्वयंपाकघरातून बाया पदर सावरत बाहेर आल्या. एखाद्या जत्रेतल्या कुस्तीच्या लाल मातीत उतरावे तसे सहदेवराव खुर्चीच्या कडेला सरकले. शिवमचे हसू जागच्या जागी थांबले होते.

सहदेवरावांनी वाक्य आधीच निवडून ठेवले होते. त्यांनी डोळे मिटले, घसा साफ केला, आणि जे शब्द आजवर केवळ माडीच्या भिंतींनी ऐकले होते ते प्रथमच माणसांत उच्चारले.

"हवा टेन्द लोम इन थिन हूस?"

शिवमने त्यांच्याकडे पाहिले. मग त्याने मान डोलावली, एकदा, दोनदा, आणि आत्मविश्वासाने म्हणाला, "या, या. नातुर्लिश!" जर्मनमधले हे 'हो, हो, अर्थातच' व्याकरणे चाळलेल्या सहदेवरावांनाही कळले.

"काय विचारलं, काय विचारलं?" उत्तमराव पुढे झुकले.

"काकांनी इचारलं, तिकडं थंडी कशी सोसता. मी म्हणलं, सवय झाली." एवढ्यावर न थांबता शिवम आदराने पुढे म्हणाला, "काकांचं बोलनं उत्तरेकडचं हाय. जुनं, शुद्ध. असं आता तिथंबी कमीच लोकं बोलतात."

सभा धन्य झाली. माणिकबाईंनी पौर्णिमेकडे विजयाने पाहिले. आणि सहदेवराव? त्यांच्या अंगावर काटा आला होता, आणि लाजेची गोष्ट ही की तो आनंदाचा होता. उत्तरेकडचे. जुने. शुद्ध. जन्मापासून थेल्डिशला मिळालेली ती पहिली दाद होती. कोणीतरी तिला ऐकले होते, तिला प्रांत दिला होता, तिला पूर्वज दिले होते. मग हळूहळू तो काटा विरला आणि खाली राहिलेली वस्तुस्थिती दिसू लागली. त्या भाषेत आजवर कोणी खोटे बोलले नव्हते, कारण बोलायला दुसरे कोणी नव्हतेच. आज तिला पहिला श्रोता मिळाला आणि पहिली थापही मिळाली. ती थाप आहे हे जगाच्या पाठीवर एकाच माणसाला ठाऊक होते, आणि तो सांबारवडी हातात धरून बसला होता.

उत्तमरावांनी ताट मागवले. हळद, कुंकू, सुपारी, अडकित्ता. पुंजारामांनी सहदेवरावांकडे पाहिले. जाणत्या माणसाची मान हलायची वेळ आली होती.

मान हलवणे किती सोपे असते! मानेला व्याकरण नसते, काळ नसतो, सबळ-दुबळ नसते. ती हलवली असती तर वार्षिक अंक खरा ठरला असता, भाषा उत्तरेकडची ठरली असती, आणि एक मुलगी, तिच्याच शब्दांत सांगायचे तर, कोणाचाच भरोसा नसलेल्या गावाला गेली असती. पौर्णिमा बापाकडे पाहत नव्हती, मुलाकडेही नाही. ती सहदेवरावांच्या मानेकडे पाहत होती.

"थांबा," सहदेवराव म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्याहून मोठा निघाला. "मी बोललो ती जर्मन नव्हती. ती माझी भाषा आहे. मी स्वतः केलेली. माझ्याशिवाय ती कोणालाही येत नाही. यांना समजली, असं हे म्हणाले. ते शक्य नाही."

अडकित्ता ताटात वाजला.

"म्हणजे भाऊ," माणिकबाई म्हणाल्या, "तुमाले जर्मन येतच नाई?"

"मी तेच सांगत होतो, वहिनी."

"मंग जोरानं सांगाचं ना!"

उत्तमराव उभे राहिले. "वा रे वा! जे भाषा जगात नाई, तिच्यात आमचं पोरगं नापास? हे कोनतं परीक्षाकेंद्र हाय? पुंजाराम, तुमी घर पाहाले आले का सर्कस घेऊन आले?" दारातल्या मुलांतले कोणीतरी "हवा टेन्द" म्हणाले आणि बाकीची फिसकन हसली. आपल्या भाषेचा दुसऱ्याच्या तोंडी झालेला पहिला प्रामाणिक उच्चार असा टिंगलीचा असावा, हे ऐकून घेण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते.

"मोठे बाबा, बसा," शिवम म्हणाला.

त्याने जाकिटाची चेन ओढून ते उघडले. आतला सदरा पाठीला चिकटला होता.

पौर्णिमेने सहदेवरावांना विचारले, "काकाजी, तुमी खरोखर काय इचारलं होतं?"

"मी विचारलं होतं," ते हळू म्हणाले, "तुझ्या घरी दिवा कोण लावतं?"

आता पौर्णिमेने प्रथमच मुलाकडे सरळ पाहिले. "मंग ते मराठीत सांगा."

शिवमने हातरुमालाने तोंड पुसले. "कोनी नाई लावत," तो म्हणाला. "सकाळी अंधारात जातो, अंधारात येतो. गोदाम हाय. खोके उचलतो, ठेवतो. खोका, वजन, उचल, ठेव, एवढी जर्मन मले येते. खोलीत तिघं राहतो, तिघांच्या तीन भाषा. पयले पयले मी म्हणत जाओ, समजलं नाई. तसं म्हणलं का समोरचा मानूस तेच वाक्य जोरानं म्हणते. पुन्हा नाई समजलं का आनखी जोरानं. आजूबाजूचे पाहतात. मंग मी 'या, या' म्हणाले लागलो. दोन वर्षांपासून मी मुंडी हालवूनच जगून राहिलो. आज काका बोलले, मले वाटलं हेबी तसंच, आपल्याले न समजनारं. सवयीनं मुंडी हालली."

"आनं ते उत्तरेकडचं?" पौर्णिमा म्हणाली.

"ते मोठे बाबा पाहून राहिले होते म्हणून," शिवम म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक खरे, ओशाळे हसू आले. उत्तमरावांनी छताकडे पाहिले.

पुंजारामांनी पुन्हा आपल्या जाणत्या माणसाकडे पाहिले, केवळ सवयीने, आणि लगेच नजर काढून घेतली. आता तिथे विचारण्यासारखे काही उरले नव्हते. बोलली ती पौर्णिमा. तिने ताटातली सुपारी उचलली, उत्तमरावांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "आज हे नाई फुटनार, मोठे बाबा. राग नका मानू. मले यांच्याशी पयले बोलाचं हाय. असंच, आपल्या भाषेत. नंतर नाई म्हणलं तरी मीच म्हणीन, होय म्हणलं तरी मीच." मग शिवमला: "नंबर द्या तुमचा. तुमी तिकडं गेल्यावर मी लावते फोन. 'या, या' म्हणलं तं ठेवून देईन."

निघताना सहदेवरावांना कोणी नमस्कार केला नाही. माणिकबाई पुढे जाऊन ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि त्यांनी आरसा स्वतःकडे फिरवून घेतला, जेणेकरून मागचा माणूस दिसू नये. पुंजाराम खिशात हात घालून उभे होते. उद्या महाविद्यालयात, परवा रुक्मिणीनगरात आणि त्यानंतर बहुधा मोझरीपर्यंत ही कथा जाणार होती, आणि प्रत्येक मुक्कामाला ती अधिक चांगली होत जाणार होती. सहदेवराव गाडीत शिरले. इतके उघडे त्यांना कधी वाटले नव्हते; आणि चमत्कारिक गोष्ट अशी, की उघड्या अंगाला वारा लागतो तसे काहीतरी लागतही होते.

दार लावायला शिवम आला. जाकीट त्याने काढून टाकले होते.

"काका, एक इचारू? तुमच्या त्या भाषेत 'मले समजलं नाई' हे कसं म्हणतात?"

सहदेवरावांनी तोंड उघडले. ते शोधू लागले. सबळ क्रियापदांत पाहिले, दुबळ्यांत पाहिले. शब्द सुटे सुटे मिळत होते, वाक्य मिळत नव्हते. त्या भाषेत त्यांना कोणी कधी काही सांगितलेच नव्हते. न समजण्याची वेळच आली नव्हती.

"ते वाक्य अजून झालं नाही," ते म्हणाले.

"मंग पयले तेच बनवा," शिवम म्हणाला आणि दार हळूच लावले. मग उघड्या काचेतून वाकून पुढे म्हणाला, "आनं लहान ठेवा, काका. घाबरलेल्या मानसाले म्हणता आलं पायजे."